माती शोधली, मोती सापडले

नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर आमचं वाचनालय आहे. शाळेच्या सुट्टीत मी रोज तिथून पुस्तक बदलून आणायचे. तीन वर्षांपूर्वी ग्रंथपाल काकूंनी विचारलं, "तू कॉम्प्युटरवाली ना गं? मग या कार्डांचं काहीतरी कर."

हिंजवडीच्या ऑफिसात आम्ही पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरतो, पण ते सांभाळायला तिथे माणसं आहेत. इथे एक जुना डेस्कटॉप, एकट्या काकू आणि गुरुवारी जाणारी लाइट. म्हणून मी एसक्यूलाइट घेतलं, तोही डेटाबेसच, पण छोटा. त्याला वेगळा सर्व्हर, म्हणजे सतत चालू ठेवावा लागणारा प्रोग्रॅम, लागत नाही; पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबरोबर ते येतंच. ११ हजार पुस्तकं आणि ६०० सभासद, सगळं एका फाईलमध्ये.

रिचर्ड हिप यांनी ते २००० साली लिहिलं. तेव्हा ते अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर करत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रॅमही अडायचा. मग सर्व्हर हवाच कशाला, प्रोग्रॅमने थेट डिस्कवरची फाईल वाचावी, असं त्यांनी ठरवलं. पुढे त्याचा सगळा कोड त्यांनी सर्वांसाठी खुला करून टाकला. आज ते प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे.

पहिल्याच पावसाळ्यात, पुस्तक देता देता लाइट गेली. पुस्तक बाहेर गेल्याची नोंद आणि सभासदाच्या खात्यावर ते चढल्याची नोंद मी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवली होती, म्हणजे दोन्ही होतील नाहीतर एकही नाही. मशीन सुरू झाल्यावर एसक्यूलाइटने जर्नल, म्हणजे त्याने स्वतः ठेवलेली बदलांची नोंद, बघून अर्धवट राहिलेलं काम मागे घेतलं. काकूंनी तरी कार्डं काढून सगळं ताडून पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून नवी कार्डं लिहिणं थांबवलं.

खरा त्रास मराठीने दिला, आणि तो मला आधी दिसायला हवा होता.

एकदा त्यांनी 'माती' शोधलं, तर नावात 'मोती' आणि 'माता' असलेली पुस्तकंही समोर आली. शोधासाठी मी एफटीएस ५, म्हणजे एसक्यूलाइटमधली शब्द शोधायची सोय, वापरलं होतं. त्याचा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, फक्त अक्षरं आणि अंक हेच शब्दाचे भाग मानतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आपला काना, वेलांटी, मात्रा आणि हलन्त हे 'मार्क' वर्गात येतात, म्हणून टोकनायझरच्या दृष्टीने तिथे शब्द तुटतो. 'माती'चे उरतात म आणि त. 'मोती'चेही तेच. उपाय एका ओळीचा होता: टेबल करतानाच टोकनायझरच्या वर्गांच्या यादीत मार्कचे वर्ग घालायचे. इंडेक्स, म्हणजे शोधाची सूची, नव्याने बांधावा लागला, पण ती ओळ सापडायला माझे दोन रविवार गेले. देवनागरीत शोध करणाऱ्या कोणाचेही असे रविवार जाऊ नयेत, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितेय.

क्रमाचंही तसंच. एसक्यूलाइट मुळात बाइट, म्हणजे अक्षरांचे साठवलेले आकडे, बघून क्रम लावतं आणि युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे. त्यामुळे 'काळ' हा 'काव्य'च्या आधी येत होता. आपल्या वर्णमालेत ळ ची जागा ह नंतर. पायथनमध्ये स्वतःचं कोलेशन, म्हणजे क्रमाचा नियम, लिहून जोडता येतं, ते केलं.

सभासद क्रमांकाचा स्तंभ मी इंटिजर, म्हणजे पूर्णांकांचा, ठेवला होता. काकू कधी इंग्रजी आकडे टाइप करायच्या, कधी मराठी. इंग्रजी आकड्यांची संख्या झाली आणि मराठी आकडे तसेच मजकूर म्हणून त्याच स्तंभात बसले, तक्रार न करता. पंचेचाळीस नंबरचे दोन सभासद झाले. २०२१ पासून 'स्ट्रिक्ट' टेबल करता येतात, त्यात असं मूल्य टाकलं की एरर येते. आता माझी सगळी टेबलं स्ट्रिक्ट आहेत, आणि मराठी आकडे आत जाण्याआधीच बदलले जातात.

बॅकअपचंही सांगते. एसक्यूलाइटच्या डब्ल्यूएएल मोड या लिहिण्याच्या पद्धतीत ताजे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाईलमध्ये लिहिले जातात. प्रोग्रॅम चालू असताना मुख्य फाईल तेवढी पेनड्राइव्हवर घेतली, तर ते बदल मागे राहतात. आमचे एका दिवसाचे व्यवहार त्या प्रतीत नव्हते. आता बटण दाबलं की 'व्हॅक्यूम इन्टू' ही आज्ञा चालते आणि पूर्ण प्रत तयार होते.

सध्या अडकलेय ती अनुस्वारांत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण आमच्या कपाटांत त्याआधीची पुस्तकं भरपूर आहेत. त्यांच्या नावांत 'कांहीं', 'नांव' असं आहे आणि आजचा वाचक 'काही', 'नाव' शोधतो. शोधासाठी सरसकट सगळे अनुस्वार काढले तर 'मांडी' आणि 'माडी' एक होतात. काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "नाव छापलंय तसंच राहू दे, त्याला हात लावू नकोस." म्हणून मूळ नावाचा स्तंभ तसाच आहे, आणि शोधासाठी शेजारी दुसरा केलाय. त्यात कोणत्या शब्दांचा अनुस्वार काढायचा याची यादी काकू शाईपेनाने एका वहीत लिहितायत. कालपर्यंत ती 'प' पर्यंत आली होती.