खोली नंबर पाच

दिवाळी अंकाची शेवटची सोळा पानं संध्याकाळी सहापर्यंत छापखान्यात पोचायची होती, आणि नेमकी दुपारी तीन वाजता मला आवराआवरीची हुक्की आली. घराची नव्हे, लॅपटॉपची. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर एक पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा आखून दिलेला भाग, नुसतंच रिकामं पडलेलं. पूर्वी त्यात फोटो असायचे. माळ्यावरचा गंजका डबा भंगारवाल्याला द्यावा तितक्या सहज मी ते उडवलं आणि मशीन रीस्टार्ट केलं.

काळ्या पडद्यावर एक ओळ आली, 'एरर: नो सच पार्टिशन'. तिच्याखाली 'ग्रब रेस्क्यू' आणि डोळे मिचकावणारा कर्सर.

माझ्या या बारा वर्षांच्या लॅपटॉपवर विंडोज आणि डेबियन लिनक्स दोन्ही नांदतात. पानं लावायचं सॉफ्टवेअर आणि त्याचे युनिकोडपूर्व काळातले फॉन्ट विंडोजशिवाय चालत नाहीत. हिशेब, पत्रं, वाचन असं बाकीचं सगळं मी लिनक्सवर करते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. माझ्या अनुभवात तलवारी गुण्यागोविंदानं राहतात, घोळ होतो तो म्यानाच्या तोंडाशी. त्या तोंडाशी बसतो तो ग्रब. ग्रँड युनिफाइड बूटलोडर असं त्याचं भारदस्त नाव. एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये तो लिहायला घेतला आणि नाव ठेवताना भौतिकशास्त्रातल्या ग्रँड युनिफाइड थिअरीची गंमत केली. मशीन चालू झालं की 'कुणाकडे जायचंय?' एवढं विचारायचं आणि त्या दारापाशी नेऊन सोडायचं, हे त्याचं काम.

भाचा ऑफिसातून नऊला सुटतो. तोवर छापखान्यातून दोनदा फोन आला, "मॅडम, पानं?" मी लाइट गेल्याचं सांगितलं. दुसऱ्यांदाही तेच.

"आत्या, काही उडालेलं नाहीये," भाचा म्हणाला. "तू काय डिलीट केलंस तेवढं सांग."

सांगितलं. तो हसायला लागला. मग त्यानं समजावलं ते मला चाळीत वाढल्यामुळे लगेच कळलं. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर मुख्य पार्टिशनं फक्त चारच करता येतात. जास्त हवी असतील तर एकाला एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात लॉजिकल खोल्या काढायच्या, आणि त्यांचे नंबर पाचपासून सुरू होतात. माझी रिकामी खोली होती पाच नंबरची, लिनक्स सहाव्या खोलीत. मी पाच पाडली, तशी सहाची पाच झाली. बिऱ्हाड जागचं हललेलंसुद्धा नाही, फक्त दारावरचा आकडा बदलला. ग्रबनं मात्र 'माझं सामान सहा नंबरात' एवढंच पाठ केलेलं.

आणि पाठ करून करून करणार तरी किती? डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. त्यातले ६४ पार्टिशनच्या तक्त्याचे, शेवटचे दोन सहीशिक्क्याचे, उरले ४४६. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे मराठीत लिहायचं तर एखादी छोटी जाहिरात मावेल, बस. ग्रब तिथे फक्त चिमूटभर राहतो, जवळच्या मोकळ्या फटीत आणखी थोडा, आणि त्याचा खरा संसार लिनक्सच्या खोलीत. कपाटाची किल्ली कपाटातच, तशी गत. (हल्लीच्या मशीनमध्ये सुरुवात करून देणारी यूईएफआय ही नवी पद्धत आणि एक स्वतंत्र छोटं पार्टिशन असतं. तिथली दुखणी वेगळी.)

"एलएस टाइप कर, म्हणजे यादी येईल. काय दिसतं?"

कंसात एचडी शून्य, त्याच्यापुढे पाच, दोन, एक.

"डिस्क शून्यापासून मोजतात, पार्टिशन एकपासून."

असं का, ते मी विचारलं नाही. आमच्याकडेही तळमजला शून्य आणि खोल्या एकपासूनच होत्या.

मग एकेक दार ठोठावलं. एक नंबर, 'अननोन फाइलसिस्टम'. दोन नंबर, तेच. ती विंडोजची दारं, आणि या अर्धवट जाग्या झालेल्या ग्रबला त्यांची भाषा येत नाही. पाच नंबरला एलएस दिलं आणि पडद्यावर नावं उमटली. पहिल्याच काहींत 'लॉस्ट फाउंड', मग बूट, होम. तो फोल्डर बहुतेक लिनक्समध्ये असतो, भाचा म्हणाला, त्यात शुभशकुन वगैरे काही नाही. असेल बापडा.

रेस्क्यूमध्ये अक्षरशः चारच आज्ञा चालतात, पण पुरल्या. सेट प्रिफिक्स, सेट रूट, दोन्हीत सहाच्या जागी पाच. इन्समॉड नॉर्मल. मग नुसतं 'नॉर्मल'. एंटर मारलं आणि नेहमीचा निळा मेन्यू समोर. लिनक्सही बिनतक्रार सुरू झालं, कारण आत गेल्यावर ते खोलीचा आकडा बघतच नाही, यूयूआयडी बघतं. नंबर नव्हे, दारावरची पाटी.

"आता ग्रब-इन्स्टॉल दे, नाहीतर उद्या परत हीच कवायत. आणि पार्टिशनला देऊ नको, अख्ख्या डिस्कला दे."

दिलं. रीस्टार्ट करून विंडोजमध्ये गेले. सोळाच्या सोळा पानं जागेवर. तेव्हा उजव्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. लिनक्स मशीनचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवतं आणि विंडोज तीच वेळ आपल्या गावची समजतं, त्यामुळे लिनक्समधून इकडे आलं की नेट जोडून वेळ दुरुस्त होईपर्यंत माझी साडेपाच तासांची चुकामूक ठरलेली. भिंतीवरच्या घड्याळात रात्रीचे अकरा पंचवीस झाले होते.

विंडोजमध्ये संध्याकाळचे पाच पंचावन्न. अजून पाच मिनिटं होती.