सोमाली पेहराव: आधी गाठ कुठे आहे ते बघा

सोमाली कपड्यांची नावं वाचताना पहिली ठेच लिपीत लागते. 1972 साली सोमालीने लॅटिन लिपी स्वीकारली, तेव्हा अरबीतल्या 'ऐन' या घशातल्या उच्चारासाठी 'सी' (c) हे अक्षर घेतलं. त्यामुळे बायकांच्या झुळझुळीत पोशाखाला (dirac) 'डिरॅक' म्हणू नका. तो 'दिरा', शेवटचा स्वर घशात अडवून. पुरुषांची लुंगी 'मकावीस' नव्हे, 'मअवीस'.

हे कपडे समजून घ्यायचे तर कापड अंगावर कुठे टिकतं ते पाहावं. बायकांच्या गुंतीनोच्या तर नावातच गाठ आहे. सलग लांब कापड, दोन टोकं एका खांद्यावर बांधायची, उरलेलं कमरेभोवती फिरवून खोचायचं. गाठ सैल राहिली की हात वर करताच सगळं घसरतं, आणि कमरेचा वेढा ढिला असला तर सारा भार खांद्यावर येऊन गाठ ओढली जाते. म्हणून वेढा घट्ट, खांद्याला थोडी मोकळीक. एक खांदा आणि दंड उघडा राहतोच. उंटांमागे फिरणाऱ्या, पाणी भरणाऱ्या बाईचा हा कपडा आहे.

सणासुदीच्या गुंतीनोला अलिंदी हे हातमागाचं पट्ट्यांचं कापड लागतं. विणकामासाठी बनादिर किनारा, म्हणजे सोमालियाची राजधानी मोगादिशूचा परिसर, जुना प्रसिद्ध. 1331 मध्ये तिथे उतरलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने लिहून ठेवलंय की इथल्या कापडाला तोड नाही आणि ते इजिप्तपर्यंत जातं. सुलतानाकडून त्याला जो पोशाख मिळाला, त्यात पायजम्याऐवजी कमरेला गुंडाळायचं रेशमी वस्त्र होतं! पुरुषाला रेशीम वर्ज्य हा इस्लामचा नियम आणि दरबारी थाट यांचं तेव्हाही फारसं जमत नव्हतं, असं दिसतं.

उघड्या खांद्याचं उत्तर गर्बसार ही ओढणी. 'गरब' म्हणजे खांदा, 'सार' म्हणजे घालणं. घरात ती खांद्यावर असते, बाहेर पडताना किंवा परका पुरुष आला की डोक्यावर येते. परंपरेने डोक्याला शाश हा रुमाल बांधायची ती लग्न झालेली बाई. कुमारिकेचे केस उघडे असत. म्हणजे डोकं झाकण्यात धर्माइतकीच लग्नाची खूणही होती.

जिलबाब मात्र वेगळ्या जातीचा. डोक्यापासून खाली येणारं शिवलेलं आवरण, चेहऱ्यापुरती जागा मोकळी, खाली घागरा. गाठ नाही, म्हणून घसरण्याची भीती नाही. 1970 च्या दशकानंतर धार्मिक पुनरुज्जीवन आणि आखाती देशांतल्या नोकऱ्यांबरोबर तो पसरू लागला, आणि 1991 मध्ये सरकार कोसळल्यावर रस्त्यारस्त्यावर दिसू लागला. त्याला नुसतं 'अरबी आक्रमण' म्हणणं मला पटत नाही. अराजकात अंग झाकणारा कपडा बाईला सुरक्षितही वाटतो. पण 'आमच्याकडे पहिल्यापासून हेच' हा दावाही जुन्या फोटोंपुढे टिकत नाही.

दिरा लग्नाचा. शिवण अगदी सोपी: कापड खांद्यावर दुमडायचं, गळा कापायचा, हातांपुरती जागा सोडून बाजू शिवायच्या. खांद्यापासून जमिनीपर्यंत 1.40 मीटर माप असेल तर दुमडीचे 2.80 मीटर आणि वर थोडं जादा, कारण दिरा मुद्दाम लांब ठेवतात. एका बाजूने तो उचलून आतल्या गोर्गोरादच्या, म्हणजे परकराच्या, कमरेत खोचतात. परकराचा नक्षीदार काठ तिथे दिसला पाहिजे. कापड पारदर्शक असल्याने गोर्गोराद ही चैन नव्हे, गरज. तो आखूड पडला की सगळा पोशाख बिघडतो. दिरा, गोर्गोराद, गर्बसार हा संच एकत्रच निवडावा.

मग उन्सी. लोबान, साखर आणि अत्तरं यांचा हा धूप दबकादमध्ये, म्हणजे धूपदाणीत, निखाऱ्यावर टाकून कपड्यांना धुरी देतात. निखाऱ्यावर राखेचा पापुद्रा येईपर्यंत थांबावं, नाहीतर साखर आधी जळते आणि कपड्याला करपलेला वास बसतो. दिरा कृत्रिम धाग्याचा असेल तर उंच धरावा, ठिणगीने भोक पडतं. परक्या पुरुषांत सुगंध लावून जाऊ नये असा धार्मिक दंडक असल्याने या वासाची खरी जागा घर आणि बायकांची बैठक.

पुरुषांचा मअवीस नळीसारखा शिवलेला. आत उभं राहून वरचा काठ नाभीच्या वर घ्यायचा, जादा कापड एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने पोटावर दुमडायचं, काठ दोन-तीनदा बाहेर गुंडाळायचा. सोमाली इस्लाममधल्या शाफी पंथाचे. त्यात पुरुषाने नाभी ते गुडघा झाकणं आवश्यक. म्हणून गुंडाळी खाली उतरली तर नमाजाचाच प्रश्न येतो. घेर अपुरा असेल तर बसताना गुडघा उघडा पडतो. गुळगुळीत कापडावर गुंडाळी टिकत नाही, तिथे पट्टा लावावा.

हा गावाकडचा साधा कपडा. 2022 मध्ये सोमालियाच्या हिरान भागात अल-शबाब या कट्टरपंथी सशस्त्र संघटनेविरुद्ध हत्यारं उचललेल्या गावकऱ्यांना नाव पडलं तेही त्याच्यावरूनच: मअवीसले, म्हणजे लुंगीवाले.