भिंगाखालचा पदर

मुलीची दहावी संपली आणि तिचा मायक्रोस्कोप माळ्यावर जाता जाता माझ्या टेबलावर अडकला. आमच्या शाळेत वर्गाला मिळून एकच होता. रांगेत मागून "झालं का रे?" सुरू असायचं. मला कधी काही दिसलं नाही. वहीत मात्र कांद्याच्या पेशी अगदी रेखीव काढल्या होत्या. पुस्तकात बघून.

आता मागे रांग नव्हती. तरी पहिले दोन दिवस मी फक्त स्वतःच्या पापण्या पाहिल्या. मग जाड काळ्या काठाचं एक वाटोळं दिसलं. पेशी सापडली म्हणून मी घर डोक्यावर घेतलं, तर तो हवेचा बुडबुडा निघाला. "बाबा, कव्हरस्लिप थपकन टाकायची नसते. एक कड पाण्याला टेकवायची, मग तिरकी, हळूहळू सोडायची." गणित शिकवताना मी लावायचो तोच सूर!

स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं. या उफराट्या कारभाराला हात सरावले, मग मात्र घरात काही सुटेना. बारीक मीठ म्हणजे कोपरे झिजलेले काचेचे ठोकळे. पुरवणीतल्या नटाच्या गालावर नुसते निळे-गुलाबी-पिवळे ठिपके. कापलेल्या बटाट्याचा ओघळ स्लाइडवर घेतला आणि आयोडीनचा थेंब सोडला. शिंपल्यासारखे पारदर्शक दाणे कडेकडून निळे पडत गेले, तेव्हा गॅसवरचा चहा उतू गेला.

सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणारा, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूक मुळात कापडवाला. मण्याएवढ्या एकाच भिंगातून त्याने 1683 मध्ये दातांवरच्या किटणात वळवळणारे जीव पाहिले. दातांपर्यंत जायचं धाडस मला झालं नाही. मी कापडावरच थांबलो. माझ्या जुन्या धोतराचा तंतू चाळीसपट मोठा करून पाहिला: चपटी फीत, मध्येच पीळ खाल्लेली. मग दिवाळीत "शंभर टक्के सुती" म्हणून घेतलेल्या आईच्या साडीचा धागा ठेवला. त्यात काही तंतू तसेच पिळाचे, पण अधूनमधून सरळसोट, गुळगुळीत, काचेच्या कांडीसारखे. पॉलिस्टर!

आईला हाक मारली. तिने चष्मा कपाळावर सारला, नळीला डोळा लावला, "हं" म्हणाली. मग पदर चिमटीत धरून दोनदा चोळला.

"हे मी दुकानातच म्हणत होते. तुलाच घाई, पार्किंगची."