पस्तीस अधिक वीस, तरी ब्रेक झालाच नाही

"इथे सही कर," एवढंच ट्रान्सपोर्ट ऑफिसातला माणूस म्हणाला. कागदावर माझं नाव, तारीख आणि खाली एक ओळ: योग्य ब्रेक न घेता 5 तास 10 मिनिटं ड्रायव्हिंग. मी म्हटलं, अरे, मी त्या दिवशी पंचावन्न मिनिटं बसून काढली, ब्रेक नाही कसा? तो स्क्रीनवरून मान वर न करता म्हणाला, टॅको (गाडीतलं ड्रायव्हिंग, काम आणि विश्रांतीची वेळ नोंदवणारं यंत्र) खोटं बोलत नाही. दोन वर्षं होत आली, पण तो आठवला की अजून डोकं फिरतं. इथे इंग्लंडात, स्विंडनला येऊन लॉरीचं लायसन काढायचंय म्हणून गावची पोरं मला फोन करतात, त्यांच्यासाठी हे एकदाच लिहून ठेवतोय.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. खाणीवर टिपर चालवायचो. पैसे खेपेवर, त्यामुळे खाण ते जेटी नुसती शर्यत. जेटीवर रांगेत गाडी लागली की स्टिअरिंगवर डोकं टेकायचं, तीच विश्रांती. आपल्याकडेही 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा होता, दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगणारा. हे मला इंग्लंडात आल्यावर कळलं. खाणीवर कुणी त्याचं नाव काढल्याचं आठवत नाही.

2018 ला खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या, पोर्तुगीज पासपोर्ट हातात होता, तेव्हा त्यावर इंग्लंडात काम करता यायचं, आलो. आपलं लायसन इथे बदलून मिळत नाही, म्हणून आधी कारची टेस्ट, मग लॉरीचं प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन, मेडिकल, थिअरी. रस्त्यावरची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालो. पावसाळ्यात खाणीच्या चढावर रिव्हर्स मारलेल्या माणसाला तिथल्या सपाट यार्डाचं काय! अडलो ते सीपीसीच्या, म्हणजे पेशाने लॉरी चालवणाऱ्याला लागणाऱ्या प्रमाणपत्राच्या, मोड्यूल दोनमध्ये. 50 पैकी 40 लागतात, मला 37. सगळी गडबड तासांच्या हिशोबात होती.

पाठ करायला नियम सोपे वाटतात. साडेचार तास ड्रायव्हिंग झालं की 45 मिनिटं ब्रेक. दिवसाला 9 तास, आठवड्यातून दोनदा 10 चालतात. आठवड्याला 56, दोन आठवड्यांना मिळून 90. रोजची विश्रांती 11 तास, ती ठरावीक वेळा 9 वर आणता येते. घोळ होतो तो यामुळे, की हे झाले ड्रायव्हिंगचे तास. कामाच्या तासांचा कायदा वेगळाच: सलग सहा तासांपेक्षा जास्त काम ब्रेकशिवाय करायचं नाही, मग त्यात तुम्ही गाडी चालवा नाहीतर पॅलेट ओढा. दोन्ही घड्याळं एकाच वेळी चालू असतात. दुसऱ्या वेळेला मी वहीत दोन रकाने पाडून सराव केला आणि पास झालो. फार खूश होतो. आपल्याला सगळं कळलं, असं वाटलं.

आता तो दिवस. पहाटे स्विंडनहून निघालो, दोन तासांत बर्मिंगहॅमजवळच्या एका गोदामात. गाडी डॉकला लावली, टॅकोवर विश्रांतीचं पलंगाचं चिन्ह दाबलं, फ्लास्कमधला चहा ओतला. बेत साधा: इथेच 45 मिनिटं उरकायची. 35 मिनिटं झाली आणि हाय-व्हिज म्हणजे चमकतं जॅकेट घातलेला गोदामातला एक पोरगा काच ठोठावायला लागला. बे (माल उतरवायची जागा) बदल, शेजारी लाव. मी घड्याळाकडे बोट दाखवलं, त्याने खांदे उडवले. मागे दुसरी लॉरी उभी. हलवली गाडी, पन्नास फूटसुद्धा नसेल. पण तेवढ्यात ब्रेक तुटला.

मी मनात म्हटलं, हरकत नाही, 35 झाली, राहिली 10. पुढे एम-सिक्स हायवेवर नट्सफर्डच्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे हायवेकडेच्या थांब्यावर, थांबलो, तोवर आणखी 1 तास 50 मिनिटं झाली होती. दहाच्या जागी वीस मिनिटं बसलो, तेही उदार मनाने. मग लँकेस्टरपर्यंत ट्रॅफिकमधून 1 तास 20 मिनिटं. ऐटीत पोचलो.

ऑफिसातल्याने काही समजावलं नाही. समजावलं ते आमच्याच डेपोतल्या पेडण्याच्या एका दादाने, कँटीनमध्ये, पेपर नॅपकिनवर लिहून. "अरे, ब्रेकचे तुकडे करायचे तर आधी पंधरा, मागाहून तीस. उलटं चालत नाही. तुझी पस्तीस त्यांनी पंधराच्या खात्यात टाकली. दुसरा तुकडा तीसचा हवा होता, तू बसलास वीस." म्हणजे नट्सफर्डला आणखी दहा मिनिटं बसलो असतो तर काहीच झालं नसतं. दहा मिनिटं! आणि मी तिथून घाईने निघालो होतो, कारण डिचोलीतली खोड: गाडी उभी म्हणजे पैसे बुडाले. इथे तर मला तासाने पगार.

दादाने आणखी एक सांगितलं, ते मी ड्रायव्हिंग शिकताना कधी ऐकलं नव्हतं. गाडी थांबली की टॅको आपोआप हातोड्यांच्या चिन्हावर जातो, म्हणजे काम. पलंग आपण दाबायचा. विसरलात तर तुमचा जेवणाचा तास कामात जमा. आणि 45 म्हणजे 47 धरा, मिनिटाच्या हिशोबात 44 निघाली तर सगळं वाया.

रस्त्यावर डीव्हीएसएने, म्हणजे गाड्या आणि ड्रायव्हर तपासणाऱ्या सरकारी खात्याने, अडवलं तर मागच्या 28 दिवसांतल्या चुकाही काढता येतात आणि एका चुकीला 300 पाउंडांपर्यंत दंड बसू शकतो, तोही ड्रायव्हरच्या खिशातून. माझं कागदावरच निभावलं.

परवा त्याच गोदामात चाळिसाव्या मिनिटाला परत काच वाजली. मी काच खाली केली, सात बोटं दाखवली आणि पुन्हा वर केली. बाहेर तो काहीतरी बडबडला. सात मिनिटांनी गाडी हलवली.

आणि हो, टॅकोच्या कागदाचा एक जादा रोल कॅबमध्ये ठेवा. काही बिनसलं तर लगेच प्रिंट काढून मागच्या बाजूला कारण लिहायचं असतं, आणि नेमका तेव्हाच रोल संपलेला असतो.