मुलाखतीत अडलेले फूरिये रूपांतर

नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण मी प्रथम पाहिली ती २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी, शाळेच्या सहलीत. दुर्बीण म्हणजे नळी आणि भिंग एवढीच समजूत असल्याने, ४५ मीटर व्यासाच्या त्या तबकड्या नुसत्या तारेच्या जाळीच्या आहेत हे पाहून माझी निराशाच झाली होती. रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा पुष्कळ मोठी असल्याने त्यांच्या दृष्टीने ती जाळी म्हणजे अखंड आरसाच असतो, हे कळायला पदवीचे दुसरे वर्ष उजाडले.

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करताना मी जेस्ट ही प्रवेश परीक्षा दिली आणि एका संस्थेकडून पीएच.डी.च्या मुलाखतीचे बोलावणे आले. तयारी म्हणून मी महिनाभर कृष्णविवरे आणि विश्वाचे प्रसरण यांवरच वाचत होते. मंडळाने त्यांतले काहीही विचारले नाही. एका सरांनी फळ्यावर आयताकृती स्पंद, म्हणजे एकदम वर उठून थोड्या वेळाने एकदम खाली येणारा संकेत, काढला आणि त्याच्या फूरिये रूपांतराचा, म्हणजे तो कोणत्या लहरी किती प्रमाणात मिळून बनतो हे दाखवणारा, आलेख काढून दाखवायला सांगितले. सूत्र मला पाठ होते, परंतु स्पंद अरुंद केल्यास आलेख रुंदावतो की आक्रसतो, या साध्या प्रश्नावर मी गप्प राहिले. निवड झाली नाही. त्या वेळी तो प्रश्न मला आडमुठेपणाचा वाटला होता आणि घरी येऊन मी तसे बोललेही.

पुढचे वर्ष मी शिकवण्या घेत काढले आणि पदवीची पुस्तके पुन्हा पहिल्या पानापासून सोडवली. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्यात एनसीआरए आणि आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा भरवतात, हे मला वेळेत कोणी सांगितले नव्हते, याची चुटपुट मात्र अजून आहे.

दुसऱ्या खेपेस प्रवेश मिळाला. पहिले वर्ष जवळजवळ सगळे वर्गात आणि गृहपाठात गेले; आकाशाशी संबंध फारसा आलाच नाही. व्यतिकरणमापन, म्हणजे अनेक दुर्बिणींचे संकेत एकत्र जुळवून मोजण्याची पद्धत, शिकताना मात्र मुलाखतीतला तो फळा आठवला. जीएमआरटीच्या ३० तबकड्यांपासून ४३५ जोड्या बनतात, प्रत्येक जोडी आकाशातील तेजाच्या फूरिये रूपांतराचा एक बिंदू मोजते, पृथ्वी फिरत राहिल्याने ते बिंदू वाढत जातात आणि त्यांवरून संगणक उलट गणिताने चित्र घडवतो. दोन तबकड्यांमधील अंतर जितके अधिक, तितका बारीक तपशील हाती लागतो. मला न सुचलेले उत्तर नेमके हेच होते: स्पंद जितका अरुंद, तितका त्याचा आलेख रुंद; तसाच तपशील जितका बारीक, तितक्या दूरदूरच्या तबकड्या लागतात.

माझ्या पहिल्या निरीक्षणाच्या माहितीचा बराच भाग मानवनिर्मित रेडिओ संदेशांच्या व्यत्ययामुळे वगळावा लागला. उरलेल्या माहितीतून चित्र तयार व्हायला मला चार महिने लागले, आणि त्यात मधोमध एक अस्पष्ट ठिपका होता.