दोन आणि आठ मिळून अठरा

नववीला करणीचा, म्हणजे √२ सारख्या पूर्ण न निघणाऱ्या मुळांचा, धडा चालू होता. फळ्यावर √२ + √८ लिहिलं आणि दुसऱ्या बाकावरची मुलगी लगेच म्हणाली, "√१०." मी नेहमीसारखं √८ फोडून दाखवलं. आत ४ × २, चारचं मूळ बाहेर, म्हणून २√२. त्यात √२ मिळवला की ३√२, म्हणजेच √१८.

तिनं काही उतरवून घेतलं नाही. "मॅडम, √२ × √८ = √१६ चालतं, मग बेरजेलाच काय झालं? दोन नि आठ मिळून अठरा कसे होतील?"

"नियमच आहे तसा" हे उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं. ते गिळलं. इतकी वर्षं शिकवतेय, पण हे कधी काढून दाखवलंच नव्हतं.

आलेखाचे कागद काढायला लावले. एक सेंटिमीटरच्या चौकटीचा कर्ण √२. तीच तिरकी रेघ आणखी दोन चौकटी पुढे नेली. हा भाग √८. पटेना, तेव्हा तिनं त्या भागावर चौरस उभा केला आणि पेन्सिलीचं टोक टेकवत मोजलं: चार पूर्ण चौकटी, आठ अर्ध्या. आठ भरले! मग अख्ख्या रेघेला पट्टी लावली. ४.२ सेंटिमीटर आणि वर जरासं. √१० तर ३.१६ लाच संपतो.

मग पूर्ण रेघेवर मोठा चौरस काढला. त्यात २ चा एक चौरस, ८ चा एक, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत दोन आयत, प्रत्येकी √२ × √८, म्हणजे ४. ती बराच वेळ बघत राहिली. "दहा बरोबरच होते, मॅडम. हे दोन आयत राहिले होते."

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणित' लिहिलं, त्यात करण्यांच्या बेरजेला हेच २ आणि ८ घेतलेत. रीतही हीच: दोघींची बेरीज १०, गुणाकाराच्या मुळाची दुप्पट ८, मिळून १८. त्यांचं पुढचं उदाहरण, ३ आणि २७, मी मुलांना घरी करायला दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच ती स्टाफरूमच्या दाराशी उभी. वहीत √४८, आणि खाली तिनं स्वतःच घातलेलं √३ + √७. "मॅडम, याच्या आयतांना मूळच निघत नाही."

"मग ते तसंच ठेवायचं," मी म्हटलं. भास्कराचार्यांनीही ते वेगळंच ठेवलंय.