वाट बघण्याचा कन्सेप्ट

तेलपोळी पत्र्यावर लाटतात, केळीच्या पानावर लाटतात, हल्ली प्लॅस्टिकच्या कागदावरही लाटतात. आमच्या आईने ती एकदा माझ्या बटर पेपरवर लाटली. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होते, होळीला पुण्याहून घरी आले होते. खांद्याला शीट कंटेनर, काखेत बटर पेपरचा नवा रोल. सकाळी उठून स्वयंपाकघरात जाते तर रोल ओट्यावर, आणि त्याचा हातभर तुकडा तेलात न्हालेला. माझा चेहरा बघून आई म्हणाली, "अगं, एवढा मोठा गुंडाळा आहे की. आणि पोळी सुटते बघ कशी, पानापेक्षा बरी."

ज्या कागदावर मी आमच्या गावचं एसटी स्टँड नव्याने बांधणार होते, त्यावरून पुरणाची पोळी अलगद तव्यावर उतरत होती. भांडायला जागाच नव्हती. पोळी खरंच छान सुटत होती.

ज्यांच्या घरात आर्किटेक्चरचं पोर नाही त्यांच्यासाठी सांगते. बटर पेपर म्हणजे पातळ, चुरचुरीत, धुरकट कागद. काचेवर पहाटे दव साचावं तसा. खालच्या कागदावरची रेघ त्यातून दिसते, पण जरा लांबून आल्यासारखी दिसते. पाच वर्षांच्या शिक्षणात आम्ही याच कागदावर विचार करतो. यावर सहसा खोडत नाहीत. चुकलं की रोल ओढायचा, नवा तुकडा वर अंथरायचा, जे बरं होतं तेवढं पुन्हा गिरवायचं आणि जे चुकलं ते खाली राहू द्यायचं. कालची चूक आजच्या रेषेखालून बघत राहते. सेमिस्टर संपेपर्यंत अशी चाळीस-पन्नास भुतं जमतात आणि खोली झाडणाऱ्या मावशी विचारतात, "ताई, हे रद्दीत घेतात का?" घेत नाहीत. मी विचारून आले होते.

शेवटच्या शीटवर यातलं काहीच दिसत नाही. तिथे सगळं कसं सरळ रेषेत असतं. डावीकडे वर कोपऱ्यात 'कन्सेप्ट', त्याखाली एक गोंडस चित्र, मग बाण, मग बबल डायग्राम, म्हणजे कुठली खोली कुणाशेजारी ते दाखवणारे गोळे, मग प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन. जणू आधी मनात शंख आला, शंखाचा गोल झाला, गोलाचं सभागृह झालं आणि सभागृहाला पार्किंग फुटलं.

कन्सेप्ट म्हणजे इमारतीमागची मूळ कल्पना. या शब्दाने आमच्या पिढीच्या झोपा उडवल्या. पहिल्या वर्षी पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "कन्सेप्ट काय आहे?" तेव्हापासून वर्गात शंख, कमळ, पिंपळपान, मोर, यिन-यांग आणि डीएनए यांची रीघ लागली. एकाने बालवाडीला फुलपाखराचा कन्सेप्ट घेतला. एका पंखात वर्ग, एका पंखात मुतारी. पण सगळ्यात लाडका कन्सेप्ट 'प्रवाह'. कशालाही चालतो. हॉस्पिटल असो, मासळी बाजार असो, वृद्धाश्रम असो, दोन वळणदार भिंती काढायच्या आणि म्हणायचं, "सर, फ्लो आहे." मी मनातल्या मनात शपथ घेतली होती, काय वाटेल ते होवो, प्रवाह म्हणायचं नाही.

आम्हाला एका गोष्टीचा मोठा आधार होता. ती सीनियर ज्युनियरला सांगतात, तो त्याच्या ज्युनियरला. अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट यांनी धबधब्यावरचं ते प्रसिद्ध घर, फॉलिंगवॉटर, दोनेक तासांत काढलं. सप्टेंबर १९३५. मालक कॉफमन यांचा फोन आला की मी निघालोय, पोचतोच. कागदावर तोवर काही नाही. राइट टेबलाशी बसले, शिष्य पेन्सिली तासून देत राहिले, आणि पाहुणे दारात येईपर्यंत घर तयार. सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता मॅगी खाताना ही गोष्ट सांगितली की अंगात बळ येतं. मात्र सांगणारा एक भाग नेहमी गाळतो. राइट ती जागा आदल्या डिसेंबरात बघून आले होते, झाडं आणि खडक मांडलेला नकाशाही त्यांनी मागवून घेतला होता. म्हणजे नऊ महिने पोटात होतं. आमच्या पोटात फक्त मॅगी.

दुसरी गोष्ट मला स्वतःला जास्त आवडते, कारण ती शीटवरचे बाण उलटे फिरवते. सिडनीच्या ऑपेरा हाउसची स्पर्धा डॅनिश आर्किटेक्ट योर्न उत्झन यांनी १९५७ साली जिंकली ती हाताने काढलेल्या मोकळ्या, शिडासारख्या आकारांवर. आकार सुरेख, पण ते बांधायचे कसे हे कुणालाच माहीत नव्हतं. चार वर्षं एंजिनिअर आणि आर्किटेक्ट डोकं धरून बसले. १९६१ साली उत्तर सापडलं: सगळी कवचं एकाच मोठ्या गोलाच्या फोडी समजायच्या. गोलाची त्रिज्या ७५ मीटर. मग वक्रता सगळीकडे सारखी, साचे पुन्हा पुन्हा वापरता येतात. संत्र्याच्या फोडींचं उदाहरण देऊन हे आता शाळेतल्या मुलांनाही समजावतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की उत्झन एके दिवशी संत्रं सोलत होते आणि त्यांना इमारत सुचली. इमारत आधी सुचली होती. संत्रं चार वर्षांनी आलं.

सगळीकडे असंच होतं असं मात्र म्हणवत नाही. अभ्यासदौऱ्यात आम्ही जयपूरला चार्ल्स कोरिया यांचं जवाहर कला केंद्र पाहिलं. तिथे कन्सेप्ट पहिल्यापासून ठाण मांडून बसलेला आहे. जयपूर शहराची आखणी नऊ चौकोनांच्या मंडलावरची, आणि मूळ शहरात डोंगर आडवा आल्यामुळे एक चौकोन सरकवावा लागला. कोरियांनी इमारतही नऊ चौकोनांची केली, प्रत्येकाला एकेक ग्रह दिला, आणि एक चौकोन मुद्दाम फिरवून बाहेर काढला. त्या फटीतूनच आपण आत जातो. शहराला जी अडचण झाली तिचं इथे दार झालंय. त्या दारात उभं राहून मी वहीत लिहिलं होतं, 'आपल्याला डोंगर पाहिजे.'

आमच्या गावच्या स्टँडवर डोंगर नव्हता. एक पाण्याची टाकी, एक रसवंती, दहा फलाट, आणि उसळलेल्या फरशा.

तिसऱ्या वर्षाचा विषय होता 'तालुक्याचं बसस्थानक'. साइट आपापल्या गावची घ्यायची. मी आधी अभ्यासाची शीट केली. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर धावली, हे सुबक अक्षरात लिहिलं, शेजारी लाल गाडी काढली. माझ्या इमारतीवर त्याचा काडीचा परिणाम होणार नव्हता, पण शीट भरली. बस वळायला बाहेरच्या चाकाला बारा मीटरच्या आसपास त्रिज्या लागते, ती कंपासने फिरवून पाहिली. आमच्याकडे गाड्या फलाटाला नाक लावून उभ्या राहतात आणि निघताना मागे येतात, कंडक्टर मागे उभा राहून शिट्टी मारतो, "येऊ दे, येऊ दे." हे सगळं काढलं. मग मधोमध लांबलचक शेड टाकली, बाकं ओळीने लावली, आणि प्रवाहाचा मोह टाळत बसले.

एकेक बटर पेपर अंथरत गेले. पाचव्यावर शेड गोल झाली. आठव्यावर पुन्हा लांब झाली. अकराव्यावर मध्ये अंगण आलं, ते सरांना आवडलं, मला नाही, कारण अंगणात पावसाळ्यात पायाखाली काय होईल ते मला माहीत होतं. बाराव्यावर आईच्या तेलाचा डाग होता. घाईत तोच तुकडा ओढला गेला होता. डागाखालचा प्लॅन इतका लख्ख दिसत होता की त्यातला सगळा कंटाळवाणेपणा एका नजरेत कळला.

होळीनंतर आई मला स्टँडवर सोडायला आली. सहाची गाडी. शेडमध्ये बाकं रिकामी होती, मी बॅगा घेऊन बाकाकडे निघाले, तर आई भलत्याच दिशेला. गेटाच्या बाजूला, शेडच्या शेवटच्या खांबाशी जाऊन उभी राहिली. तिथे आधीच पंधरा-वीस माणसं होती. चार बायका जमिनीवर पिशव्या मांडून बसलेल्या.

"इथे काय? फलाट तीन तिकडे आहे."

"तिकडे बसून काय दिसतं? गाडी वळताना इथून दिसते. पाटी वाचली की फलाटापर्यंत चालायला वेळ मिळतो. बाकावर बसणाऱ्याला जागा मिळत नसते."

मी सरळ फलाटाच्या बाकड्यावर कोसळायचे टाळून तिच्याशेजारी उभी राहिले आणि सगळी माणसं कुठे तोंड करून आहेत ते बघितलं. एकूणएक गेटाकडे. शेंगदाणेवालाही तिथेच, कारण गिऱ्हाईक तिथे. कंट्रोलरच्या खिडकीसमोर दोघंच, तेही परगावचे. गाडी वळली, पाटी दिसली, आणि घोळका लवलवत फलाटाकडे गेला. एका काकांनी पळत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला. बाकं तशीच रिकामी.

त्या प्रवासात खिडकीशी बसून एक गोष्ट डोक्यात घुमत राहिली. आपल्याकडे माणूस गाडीची वाट बघतो. रोज हजारदा म्हणतो आपण हे, आणि त्यातली वाट कधी दिसत नाही. आईला दिसत होती. ती अक्षरशः वाट बघत होती, गेटापासून शेडपर्यंतची ती सत्तर-ऐंशी पावलांची वाट, जिच्यावरून गाडी येणार. आणि आमचं स्टँड बांधणाऱ्याने सगळी बाकं त्या वाटेकडे पाठ करून लावली होती. मीही बारा बटर पेपरांवर तेच केलं होतं.

तेराव्यावर शेड फिरवली. अख्खी शेड तिरकी करून गेटाकडे तोंड केलं. बसायला बाकांऐवजी रुंद पायऱ्या दिल्या, मागच्या माणसालाही पुढच्याच्या डोक्यावरून पाटी वाचता यावी म्हणून. शेंगदाणेवाल्याला कोपरा दिला. खालच्या कागदांवरची शेड सरळच होती, ती या तिरक्या शेडखालून दिसत राहिली, आणि दोन्हींच्या मधल्या त्रिकोणात पाणपोई आपोआप बसली. हे मी ठरवून केलं नाही. दोन कागद एकावर एक पडले म्हणून झालं.

रूममेटला म्हटलं, कन्सेप्ट 'वाट' ठेवतेय. ती कटरने सनबोर्ड कापता कापता म्हणाली, "ठेव. लागेल."

लागली. ज्युरीच्या दिवशी माझा नंबर जेवणानंतरचा. बाहेरून आलेले परीक्षक दिवसभर फुलपाखरं आणि शंख बघून दमले होते. माझ्या शीटवर डावीकडे वर कोपऱ्यात चित्र नव्हतं, फक्त गेटाकडे बघणाऱ्या माणसांचं स्केच होतं. ते म्हणाले, "कन्सेप्ट?"

"वाट बघणं, सर."

"ही तर ॲक्टिव्हिटी झाली. कन्सेप्ट काय?"

मी रात्रभर जागी. बोटांना फेव्हिक्विक. समोर पेन उघडून बसलेला माणूस. पाठीमागे रांगेत माझ्यानंतरची सतरा मुलं. मी म्हणाले, "सर, प्रवाह."

"हं," ते म्हणाले, मान हलवली आणि आकडा टाकला. बरा टाकला.

शपथेचं काही बोलू नका. राइटसाहेबांवर ही वेळ आली नव्हती.

मॉडेल मी घरी नेलं, एसटीनेच, मांडीवर. मे महिना, अक्षय्य तृतीया. आईच्या पुन्हा पोळ्या चालल्या होत्या. हात पुसून ती मॉडेलशी वाकली. इवल्या इवल्या माणसांची आकृती आम्ही मोजमाप कळावं म्हणून लावतो, त्यातल्या एका साडीवालीला तिने करंगळीने हलकेच हात लावला. "ही मी का?"

"हो."

तिने बराच वेळ पाहिलं. गेट कुठलं, टाकी कुठली, रसवंती काढून टाकली का, असं विचारलं. रसवंती ठेवली होती. मग खिडकीकडे बघून तिने मनाशी काहीतरी जुळवलं आणि म्हणाली, "म्हणजे हे तोंड मारुतीच्या देवळाकडे झालं. अगं, दुपारी चारला तिकडून ऊन थेट डोळ्यांत येतं. तेव्हा आम्ही बघत नाही गाडीकडे, पाठ करून उभ्या राहतो नि आवाज ऐकतो."

शीटवर उत्तर दिशेचा बाण मी स्वतःच्या हाताने काढला होता. चांगला जाड, काळ्या शाईने. अख्खी शेड मी पश्चिमेला तोंड करून बसवली होती आणि सेमिस्टरभर ते ना मला दिसलं, ना सरांना, ना पेनवाल्या परीक्षकांना.

"मग काय करू?"

"मला काय विचारतेस? पडदा लाव, नाहीतर झाड लाव. गेटाशी कडुलिंब होता पूर्वी, तोडला त्यांनी." तव्यावर पोळी फुगली होती, ती लगबगीने वळली.

मी मॉडेलखालचा प्लॅन काढून फरशीवर अंथरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. गेट, शेड, पायऱ्या. कडुलिंब नक्की कुठे होता ते तिला विचारायचं होतं. पेन्सिल सापडली. रोल सापडेना.

"आई, माझा बटर पेपर?"

"थांब जरा," ती तिकडून म्हणाली, "दोनच पोळ्या राहिल्यात."